औषधी वनस्पती : गुण आणि धोके

जुन्या दिल्लीत चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाला फतेहपुरी मशीद आहे. मशिदीच्या कडेने पुढे गेले की खारी बावलीचा बाजार लागतो. मसाल्याच्या पदार्थांची बाजारपेठ म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे; परंतु तेथील कित्येक दुकानांत वाळवलेल्या औषधी वनस्पतीही पोत्यापोत्यांनी विकल्या जातात. ज्येष्ठमधाच्या काड्या, हिरडे, बेहडे, इसबगोल, वेखंड, सोनामुखीची पाने, लालभडक गुंजा असा माल शेजारी शेजारी मांडलेला असतो. यांपैकी काही वस्तू जवळजवळ अन्नासारख्या सौम्य आहेत, काही योग्य प्रमाणात घेतल्यास गुणकारी आहेत, तर गुंजेचे बी फोडून पोटात गेले असता ते प्राणघातक ठरू शकते. पोत्यांकडे नुसते पाहून मात्र हा भेद कळत नाही.

औषधी वनस्पतींविषयी आपल्या समाजात दोन टोकांच्या समजुती आढळतात. झाडपाल्याच्या औषधाने गुण आला नाही तरी अपाय होणार नाही, ही पहिली समजूत. झाडपाला म्हणजे अडाण्यांचा उपचार, त्यात तथ्य नाही, ही दुसरी. या दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकच चूक आहे. जे द्रव्य शरीरावर काहीच परिणाम करीत नाही त्यापासून अपाय होत नाही हे खरे. पण मग त्यापासून गुणही येत नाही. ज्या द्रव्यात रोग हटविण्याचे सामर्थ्य आहे, त्याच्या अंगी निरोगी शरीराची घडी बिघडविण्याचेही सामर्थ्य असावयाचेच. प्रखर विषही युक्तीने वापरले तर औषध होते आणि उत्तम औषधही चुकीच्या रीतीने वापरले तर विष होते, असा विचार चरकसंहितेत मांडलेला आहे.

म्हणून ‘वनस्पतींची औषधे चांगली की वाईट?’ हा प्रश्नच मुळी बरोबर नाही. विचारावयाचे प्रश्न पाच आहेत : वनस्पती नेमकी कोणती? तिचे कोणते अंग वापरले? त्यावर कोणता संस्कार केला? मात्रा किती आणि किती दिवस? घेणारी व्यक्ती कोण? प्रस्तुत प्रकरणात काही परिचित वनस्पतींच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः दिल्ली आणि महाराष्ट्र येथील आहेत.

वनस्पतीत औषध का असते?

वनस्पतीला जागेवरून हलता येत नाही. किडे, बुरशी, चरणारी जनावरे यांच्यापासून पळून जाणे तिला शक्य नसते. म्हणून ती आपल्या मुळांत, सालीत, पानांत आणि बियांत निरनिराळी रासायनिक द्रव्ये साठविते. त्यांतील काही कडू असतात, काही तिखट, काही दाहक, तर काही विषारी. अल्कलॉइड, ग्लायकोसाइड, टॅनिन, बाष्पनशील तेले हे या द्रव्यांचे प्रमुख वर्ग होत. यांपैकी अनेक द्रव्यांचा मनुष्याच्या हृदयावर, मज्जासंस्थेवर किंवा आतड्यांवर परिणाम होतो, आणि तो परिणाम आपण आपल्या सोयीसाठी वापरतो तेव्हा त्या वनस्पतीला औषधी म्हणतो. वनस्पतीने ते द्रव्य आपल्यासाठी निर्माण केलेले नसते.

यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. एकाच जातीच्या दोन झाडांत हे द्रव्य सारख्या प्रमाणात असेलच असे नाही. जमीन, पाऊस, ऋतू, झाडाचे वय आणि साठवण यांप्रमाणे ते बदलते. कारखान्यात तयार झालेल्या गोळीत औषधाचे प्रमाण ठरलेले असते. मुठीत घेतलेल्या चूर्णात ते ठरलेले नसते.

सर्पगंधा : एका मुळीचा प्रवास

वनस्पतीपासून केवढा लाभ होऊ शकतो हे पाहावयाचे असेल तर सर्पगंधेचे उदाहरण घ्यावे. लॅटिनमध्ये हिला राउवोल्फिया सर्पेंटिना असे नाव आहे. हे हात-दीड हात उंचीचे झुडूप दमट जंगलांत सावलीत वाढते. त्याची मुळी चवीला अतिशय कडू असून निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंश यांवर ती परंपरेने देत असत.

या मुळीच्या आधुनिक अभ्यासाचा एक महत्त्वाचा टप्पा दिल्लीतच घडला. करोल बागेतील आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालय हकीम अजमल खान यांच्या प्रयत्नांनी उभे राहिले आणि १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. देशी औषधांची परीक्षा आधुनिक रसायनशास्त्राच्या साहाय्याने व्हावी अशी हकीमसाहेबांची इच्छा होती. त्यांनी सलीमुझ्झमान सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला या कार्यासाठी बोलाविले. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस निवर्तले. सिद्दिकींनी मात्र काम चालू ठेवले आणि १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतील एकाला त्यांनी आपल्या आश्रयदात्याच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब आणि उन्माद यांवर उपयुक्त असल्याचे प्रसिद्ध केले.

पुढचा टप्पा मुंबईचा. केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधेचे परीक्षण केले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्याचा वृत्तांत दिला. या लेखाने जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. उच्च रक्तदाबावर परिणामकारक औषधे फारशी हाती नव्हती अशा त्या काळात रिसर्पीनचा लाभ असंख्य रुग्णांना झाला.

परंतु येथेच कथा संपत नाही. रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत मनाची तीव्र खिन्नता दिसून आली. अधिक मात्रेत रक्तदाब फार उतरणे, नाक चोंदणे, पोटातील आम्लता वाढणे असे परिणामही आढळले. अजमलीनचे कार्य तर वेगळेच. त्याचा परिणाम हृदयाच्या विद्युत्-प्रवाहावर होतो आणि आज त्याचा उपयोग हृदयाच्या ठोक्यांच्या एका आनुवंशिक विकाराच्या निदानासाठी रुग्णालयातच, देखरेखीखाली करतात. म्हणजे एकाच मुळीत रक्तदाब उतरविणारे, मन मंदावणारे आणि हृदयाच्या गतीवर परिणाम करणारे असे निरनिराळे घटक एकत्र नांदतात. हे घटक वेगळे करून, मोजून, तपासून पाहिल्यामुळेच त्यांचे गुण कळले आणि धोकेही कळले. मागणी वाढताच जंगलांतील सर्पगंधा इतकी उपटली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पुढे नियंत्रण घालावे लागले. वनस्पतीच्या उपयोगाचा धोका कधी कधी वनस्पतीलाही असतो.

दुधी भोपळा : अन्न, औषध आणि विष

सर्पगंधा ही कोणाच्या स्वयंपाकघरात नसते. दुधी भोपळा मात्र घरोघरी असतो. उत्तर भारतात त्याला लौकी किंवा घिया म्हणतात. पचनास हलका, रुग्णांना देण्याजोगा, अशी त्याची ख्याती आहे. अलीकडच्या दशकांत सकाळी अनशापोटी दुधीचा कच्चा रस पिण्याची प्रथा शहरांत फार पसरली. मधुमेह, हृदयविकार, स्थूलता अशा अनेक व्याधींवर तो सांगितला जाऊ लागला.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञ गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने नित्याप्रमाणे दुधीचा रस घेतला. त्यात कारल्याचा रसही मिसळलेला होता. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा कडू लागला. थोड्याच वेळात दोघांनाही उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पत्नी उपचारांनंतर वाचली. गृहस्थ मात्र दगावले. या घटनेनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची एक समिती नेमली. अशा अन्य रुग्णांची माहितीही समितीने पाहिली आणि आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

दुधी, काकडी, दोडका, कलिंगड ही सर्व एका कुळातील फळे आहेत. या कुळातील वनस्पती कुकुर्बिटासिन नावाची अत्यंत कडू द्रव्ये तयार करतात. रानटी फळांत ती भरपूर असतात. मनुष्याने शतकानुशतके गोड फळांचे बी निवडून लावले आणि शेतातील वाणांतून हा कडूपणा जवळजवळ नाहीसा केला. तथापि तो समूळ गेलेला नाही. अति उष्णता, पाण्याचा ताण, निकस जमीन किंवा रानटी वाणाशी झालेला संकर यांमुळे एखाद्या वेलीच्या फळांत तो पुन्हा प्रकट होतो. बाहेरून असे फळ इतरांसारखेच हिरवे आणि कोवळे दिसते. ते पोटात गेले की तीव्र वांत्या, रक्ताची उलटी, जुलाब आणि रक्तदाब एकाएकी खाली जाणे ही लक्षणे उद्‌भवतात. या विषावर ठरावीक उतारा नाही; लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात.

आपल्या परंपरेला ही गोष्ट अज्ञात नव्हती. कडू भोपळ्याला संस्कृतात इक्ष्वाकू म्हणतात आणि चरकसंहितेच्या कल्पस्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. तेथे त्याची गणना वमनद्रव्यांत, म्हणजे मुद्दाम उलटी करविणाऱ्या औषधांत केलेली आहे. ते द्रव्य वैद्याने रुग्ण पाहून, त्याची पूर्वतयारी करून द्यावयाचे असते. गोड दुधी हे अन्न आणि कडू दुधी हे तीव्र औषध, हा भेद प्राचीन वैद्यांनी जाणला होता.

मग शिकलेल्या माणसांचीही येथे फसगत का व्हावी? ताटातील भाजी कडू लागली तर आपण ती बाजूला सारतो. लहान मूल तर ती थुंकूनच टाकते. कडूपणा हा जिभेने दिलेला धोक्याचा इशारा असतो. परंतु तोच पदार्थ पेल्यात ओतून त्याला औषध हे नाव दिले की आपण डोळे मिटून तो घोटतो. कारण औषध कडूच असावयाचे, असे लहानपणापासून आपल्या मनावर बिंबलेले असते. त्यातून कारल्याचा रस मिसळला की दुधीचा कडूपणा झाकला जातो आणि जिभेचा इशारा ओळखूच येत नाही. म्हणूनच समितीने सांगितले की दुधीचा लहानसा तुकडा आधी चाखून पाहावा. कडू लागल्यास ते फळ टाकून द्यावे. त्याच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. आणि रस घेतल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थता जाणवल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

ओळख

पाच प्रश्नांपैकी पहिला प्रश्न ओळखीचा. ओसाड जागी, रेल्वेच्या कडेला आणि पडीक शेतात पिवळ्या फुलांचे एक काटेरी झुडूप उगवते. त्याचे पान किंवा देठ मोडल्यास पिवळा चीक निघतो. मराठीत याला पिवळा धोत्रा म्हणतात; हिंदीत त्याचे नाव सत्यानाशी असे आहे. लॅटिन नाव आर्जिमोन मेक्सिकाना. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. तिचा चीक त्वचारोगांवर लावण्याची लोकांत प्रथा आहे.

तिचे बी बारीक, काळसर आणि मोहरीसारखे दिसते. १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दिल्लीत अनेक कुटुंबांतील माणसांचे पाय एकाएकी सुजू लागले. धाप लागणे, जुलाब, त्वचेवर लाली अशी लक्षणे दिसू लागली. हा एपिडेमिक ड्रॉप्सी नावाचा रोग होता आणि त्याचे कारण मोहरीच्या तेलात झालेली पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ हे होते. त्या तेलातील सँग्विनारीन या अल्कलॉइडामुळे केशवाहिन्या सैल पडून त्यांतील द्रव ऊतींत पाझरतो आणि हृदयावर ताण येतो. या साथीत साठांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि हजारोंना रुग्णालयात जावे लागले. सुट्या तेलाची विक्री त्या वेळी बंद करावी लागली. या लोकांनी कोणतेही औषध घेतले नव्हते. परंतु एका बीऐवजी दुसरे बी आले तर काय होते, याचे याहून कठोर उदाहरण सापडणे कठीण.

औषधांच्या बाबतीतही असेच घडलेले आहे. १९९० नंतरच्या काळात बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन उतरविण्यासाठी स्त्रियांना काही चिनी वनस्पतींचे चूर्ण दिले जात होते. त्यात स्टेफानिया नावाच्या वनस्पतीऐवजी अरिस्टोलोकिया ही वनस्पती आली; चिनी भाषेत दोन्हींची नावे सारखी असल्यामुळे हा घोटाळा झाला. शंभरांहून अधिक व्यक्तींची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे त्यांतील अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोगही जडला. अरिस्टोलोकियाची एक जात आपल्याकडे ईश्वरी या नावाने परंपरेने वापरली जाते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

अलीकडचा एक वाद गुळवेलीचा आहे. कोविडच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून लाखो लोक गुळवेलीचा काढा घेऊ लागले. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे आढळले. २०२१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख पुरेशी पटविलेली नाही. २०२२ साली देशातील तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती असलेल्यांना गुळवेलीमुळे धोका संभवतो, असे मत मांडले गेले. मंत्रालयाचे म्हणणे असे, की खरी गुळवेल सुरक्षित आहे. मात्र तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जात तिच्या जागी वापरू नये. वादाचा निकाल तज्ज्ञ लावतील. सामान्य वाचकाने त्यातून एवढे घ्यावे, की कुंपणावरचा वेल तोडण्यापूर्वी तो कोणता हे जाणत्याला विचारावे, आणि यकृताचा किंवा प्रतिकारयंत्रणेचा विकार असल्यास स्वतःच्या मनाने काढा सुरू करू नये.

अंग आणि संस्कार

वनस्पतीची ओळख पटली तरी तिचे कोणते अंग वापरावयाचे हा प्रश्न उरतो. दिल्लीच्या मोकळ्या जागांत आणि महाराष्ट्रातील बांधांवर सर्वत्र आढळणारा एरंड घ्या. त्याचे तेल पिढ्यान् पिढ्या रेचक म्हणून दिले जात आहे. परंतु ज्या बीचे ते तेल, त्या बीत रायसीन हे अतितीव्र विष असते. तेल काढताना हे विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. तेलाचा चमचा हे औषध आहे. पण चावून खाल्लेले बी मुलाचा प्राण घेऊ शकते.

काही द्रव्ये संस्कार केल्याशिवाय वापरताच येत नाहीत. या संस्काराला आयुर्वेदात शोधन म्हणतात. हिमालयात उगवणारा बचनाग हृदयाची गती बिघडविणारे प्रखर विष आहे. गोमूत्रात किंवा दुधात भिजवून, उकळून त्याचे शोधन करतात. त्यात त्याच्यातील अ‍ॅकोनिटीनचे विघटन होऊन पुष्कळ कमी विषारी द्रव्ये बनतात. महाराष्ट्रात बिब्बा सर्वांना परिचित आहे. पायात काटा मोडला तर बिब्ब्याचा चटका देतात, आणि चांगल्या कामात विघ्न आणणारा ‘बिब्बा घालतो’ असे आपण म्हणतो. त्याचे तेल त्वचेला लागले तर फोड येऊन अंग सुजते. तरीही भल्लातक या नावाने तो आयुर्वेदातील मान्यवर औषधांत आहे, तो शोधनानंतरच.

कायद्यानेही हा भेद मानलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० च्या नियमांत ‘ई-१’ ही अनुसूची आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींतील विषारी द्रव्यांची ती यादी होय. अफू, रुई, बिब्बा, भांग, धोत्रा, गुंज, जमालगोटा, कण्हेर, कळलावी, बचनाग, कुचला ही नावे तीत आहेत. यांपैकी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे आवश्यक असते. वेष्टनावर ही सूचना आहे काय, हे पाहण्याची सवय खरेदी करणाऱ्याने लावून घ्यावी.

मात्रा आणि मुदत

१७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्याने डिजिटॅलिस या वनस्पतीवर पुस्तक लिहिले. अंगावर सूज असलेल्या रुग्णांना या वनस्पतीने उतार पडतो हे त्याला एका खेडवळ स्त्रीच्या काढ्यावरून कळले होते. विदरिंगचे मोठेपण असे, की त्याने आपली अपयशेही लिहून ठेवली आणि औषध कोठे थांबवावे याची लक्षणे सांगितली. कारण डिजिटॅलिसची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. त्याच प्रकारची हृदयावर कार्य करणारी ग्लायकोसाइडे आपल्या कण्हेरीत आहेत. दिल्लीच्या रस्त्यांच्या मधोमध कण्हेरीच्या गुलाबी फुलांचे ताटवे आढळतात. पाणी कमी लागते आणि जनावरे तोंड लावीत नाहीत म्हणून तेथे ती लावतात. जनावरांना जे कळते ते ध्यानात घेऊन, तिच्या मुळीचा किंवा पानांचा घरगुती प्रयोग कोणीही करू नये.

सौम्य वनस्पतींनाही मर्यादा असते. ज्येष्ठमध खोकल्यावर गुणकारी आहे. परंतु त्यातील ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब वाढतो. दोन दिवस काडी चघळल्याने बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे रोज काढा घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाचे मात्र बिघडू शकते. इसबगोलाची साल आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी शोषून फुगते आणि बद्धकोष्ठ दूर करते. तीच पुरेशा पाण्यावाचून गिळली तर अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडकून बसते.

महाराष्ट्रातील बाळगुटीची प्रथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सहाणेवर हळकुंड, जायफळ, वेखंड इत्यादी उगाळून ते चाटण तान्ह्या मुलाला देतात. आजी कोणत्या मुळीचे किती वेढे द्यावयाचे हे ठरवीत असे. ते वेढे म्हणजेच मात्रेचे मोजमाप होते. आता तयार चूर्णाच्या पुड्या मिळतात आणि वेढ्यांची जागा चमच्याने घेतली आहे. वेखंडात बीटा-असारोन हे द्रव्य असते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक आढळल्यामुळे अमेरिकेत १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास मनाई करण्यात आली. भारतीय वाणांत या द्रव्याचे प्रमाण युरोपीय वाणांपेक्षा बरेच अधिक असते. तान्ह्या मुलाचे यकृत आणि मूत्रपिंडे अपरिपक्व असतात. त्यामुळे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही न देण्याचा सल्ला देतात. प्रथेविषयी आदर ठेवूनही तो मानणे इष्ट होय.

घेणारी व्यक्ती

शेवटचा प्रश्न व्यक्तीचा. गरोदर स्त्री, तान्हे मूल, वृद्ध, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण यांना सर्वसाधारण मात्राही जड जाते. शिवाय आज अनेक जण डॉक्टरांची गोळी आणि घरचा काढा दोन्ही घेतात. मधुमेहाची गोळी चालू असताना कारल्याचा रस भरपूर घेतल्यास रक्तातील साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने लसणाच्या कुप्या घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. डॉक्टर ‘कोणती औषधे घेता?’ असे विचारतात तेव्हा रुग्ण काढ्याचा उल्लेख करीत नाही, कारण त्याच्या मते ते औषधच नव्हे. रोग बरा व्हावा म्हणून घेताना जे औषध असते, ते सांगतानाही औषधच असले पाहिजे.

नोंदीचे महत्त्व

वनस्पतींपासून झालेला लाभ लोक एकमेकांना सांगतात; अपाय मात्र पुष्कळदा नोंदलाच जात नाही. तो महिन्यांनी प्रकट होतो आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. यासाठी काही व्यवस्था आहेत. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र असून तेथून अहोरात्र मार्गदर्शन मिळते. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीलगतच्या गाझियाबादेत इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. आयुष पद्धतींच्या औषधांसाठी अशीच व्यवस्था असून तिचे समन्वयाचे काम दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे आहे. अपाय झाल्याचा संशय आल्यास उरलेले औषध फेकू नये. पुडी, बाटली किंवा वनस्पतीची फांदी डॉक्टरांकडे न्यावी. ओळख पटविण्यासाठी तिचा फार उपयोग होतो.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. वनस्पतीची ओळख पटल्याशिवाय ती पोटात घेऊ नये. स्थानिक नावे फसवी असतात. एकाच नावाच्या अनेक वनस्पती असतात.

२. नेहमीच्या पदार्थाची चव, वास किंवा रंग बदललेला आढळल्यास तो टाकून द्यावा. औषध म्हणून तो गिळू नये.

३. मात्रा आणि मुदत आधी ठरवून घ्यावी. गुण आला म्हणून मात्रा वाढवू नये.

४. अनुसूचीतील विषारी द्रव्ये वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नयेत. ती मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नयेत.

५. चालू असलेली सर्व औषधे, काढे आणि चूर्णे यांची माहिती डॉक्टरांना आणि वैद्यांनाही द्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी तर अवश्य द्यावी.

६. छातीत दुखणे, वारंवार उलट्या, कावीळ, अंगावर सूज, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ दवडू नये.

तिब्बिया महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सर्पगंधेची मुळी तपासली गेली, तेव्हा परंपरेवर अविश्वास दाखविणे हा हेतू नव्हता; परंपरेने जे सांभाळून ठेवले ते नीट जाणून घ्यावे हा हेतू होता. एक लहानसा तुकडा आधी चाखून पाहणे ही घराघरात करता येण्याजोगी त्याच वृत्तीची परीक्षा आहे. तिला क्षणभराचाही वेळ लागत नाही, आणि ती टाळल्याने दिल्लीतील एका घरात काय घडले ते आपण पाहिलेच आहे.